उरलेला बोल्ट आणि चौदा हजारांची यादी

वाचकाचं पत्र

काका, मी कासारवडवलीला राहतो. आमची २०१३ ची पेट्रोल वॅगन आर आहे, ९२ हजार किलोमीटर झालेली. टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून) ऑइल पाझरायचं, कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलं की जळका वास यायचा. गॅरेजवाल्याचा आकडा जास्त वाटला म्हणून व्हिडिओ बघून रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतःच कव्हरचं पॅकिंग बदललं. बोनेट उघडलंच आहे तर म्हणून तिन्ही स्पार्क प्लग नवे टाकले, थ्रॉटल बॉडी साफ केली, एअर फिल्टर बदलला. रविवारपर्यंत गाडी फक्त ऑइल गाळत होती, आता सगळंच करते. आयडलिंगला आरपीएम १,४०० च्या खाली येत नाही, कुठेतरी फुसफुस आवाज येतो, गायमुखच्या चढाला गाडी मिसिंग मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. जळका वास आहेच. मित्राच्या स्कॅनरवर पी ०३०२, पी ०११३ आणि पी ०५०७ असे तीन कोड आले. स्पेअर पार्टवाल्याने ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल पंप आणि तिन्ही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) बदलायला सांगितलंय, सगळे मिळून चौदा हजार. दहाच्या पान्याचा एक बोल्ट उरलाय, तो कुठला ते कळत नाही. बायको म्हणते आता तरी गॅरेजला द्या, पण आधी मीच उघडलं होतं हे तिथे सांगायची लाज वाटते. येत्या शनिवारी नाशिकला मेहुणीचं लग्न आहे. गाडी नेऊ का?

— हौशी फिटर, घोडबंदर रोड

उत्तर

नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला तारीख आहे. गाडी नाशिकला नेऊ नका. समृद्धीवरून गेलं की कसारा घाट टळतो, हे मला कोणीतरी ऐकवणारच. पण अशा गाडीने द्रुतगती मार्गावर, बोगद्यात बंद पडणं हे घाटात बंद पडण्यापेक्षाही वाईट. खोपटहून एसटी पकडा, कल्याणहून रेल्वे पकडा किंवा सासरच्या कोणाच्या गाडीत जागा मागा. लग्नघरी तुमची गाडी कशी आहे हे विचारायला कोणाला वेळ नसतो.

नकार देण्याचं कारण तो लुकलुकणारा दिवा. चेक इंजिनचा दिवा स्थिर जळत असेल तर कुठला तरी दोष नोंदला गेलाय एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावर गाडी गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. दिवा लुकलुकायला लागला की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, वेगळंच सांगत असतं: एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये आणि ते कच्चंच पुढे एक्झॉस्टमध्ये जातंय. तिथे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. हे पेट्रोल त्याच्या आत पेटतं, तो बेसुमार तापतो आणि आतली जाळी वितळून बसते. तो नवा घ्यायचा झाला तर दुकानदाराची चौदा हजारांची यादी स्वस्त वाटेल. म्हणून दोष सापडेपर्यंत गायमुखच काय, पातलीपाड्याचा उड्डाणपूलसुद्धा नको. वाटेत दिवा लुकलुकला तर अॅक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लावा. पुढे न्यायचीच असेल तर टोचन करून न्या.

आता मुद्द्याचं. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत उपयोगी वाटलं ते एक वाक्य: रविवारपर्यंत गाडी फक्त ऑइल गाळत होती. म्हणजे शनिवारी ऑक्सिजन सेन्सर चालत होता, फ्युएल पंप चालत होता, तिन्ही कॉइल चालत होत्या. तुम्ही पॅकिंग बदलायला बसलात त्याच दुपारी या पाच वस्तूंनी एकदम राम म्हटला, हे तुम्हाला पटतं का? दुकानदाराला पटो न पटो, त्याचा धंदा पार्ट विकण्याचा आहे, त्याच्यावर रागावू नका. संशयित मोजकेच आहेत: रविवारी तुमचा हात ज्याला ज्याला लागला ते. त्या वर्तुळाच्या बाहेर एक रुपयाही खर्च करण्याआधी आतलं सगळं पुन्हा तपासायचं.

स्वतः गाडी उघडणारी माणसं हेच करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आपण घट्ट केलेला बोल्ट सैल असेल हे मनाला मानवत नाही. सेन्सर खराब झाला असेल हे मात्र लगेच मानवतं, कारण सेन्सर आपण बनवलेला नसतो. त्यामुळे नवा पार्ट विकत घेणं हे आपलंच काम पुन्हा उघडून बघण्यापेक्षा सोपं वाटतं. तुमची यादी अशीच तयार झालीय.

कामाला हात घालण्याआधी दोन गोष्टी. तुमचं पार्किंग बेसमेंटचं किंवा चारी बाजूंनी बंद असेल तर तपासणीसाठी तिथे इंजिन चालू ठेवू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड व्हायला लागलं तरी माणसाला ते उकाड्यामुळे वाटतं. गाडी उघड्यावर ढकलत आणा, वॉचमन मदत करेल. दुसरं, तिन्ही कोड कागदावर लिहून ठेवा आणि मग पुसा. पुसल्यावर इंजिन सुरू करून त्यातला कोणता पहिल्यांदा परत येतो ते बघायचं आहे.

सुरुवात उरलेल्या बोल्टापासून करा. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांमध्ये ‘एखादा बोल्ट उरतोच’ असं हसत लिहिलेलं असतं. कारखान्यात गाडी बनवताना कोणी गंमत म्हणून जास्तीचा बोल्ट बसवत नाही. दहाच्या डोक्याचे बोल्ट तुम्ही उघडलेल्या भागात बऱ्याच ठिकाणी असतात: कव्हरच्या कडेने, प्रत्येक कॉइलला एक, एअर फिल्टरच्या डब्याला, एखाद्या होजच्या ब्रॅकेटला, आणि इंजिनाला आलेल्या अर्थिंगच्या वायरला. मी पहिल्यांदा मधली कॉइल हाताने हलवून बघेन. तुमचा पी ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसिंग, तिथलं जळण चुकतंय. तीन सिलेंडरच्या इंजिनात दोन नंबर कुठल्याही बाजूने मोजा, मधलाच येतो, तेवढा एक घोळ तरी वाचला. त्या कॉइलचा बोल्ट राहिला असेल तर इंजिनाच्या थरथरीने ती वर उचलली जाते आणि प्लगशी तिचा सांधा सुटतो. अर्थिंगची वायर सैल असेल तर तिच्यापायी एकाच वेळी तीन-चार निरनिराळे दोष दिसू शकतात. तेव्हा या दोन जागा आधी, बाकीच्या मागून.

तीन कोडांपैकी पी ०११३ सर्वांत सोपा. आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचं सर्किट उघडं आहे, असं तो सांगतो. दहात नऊ वेळा एअर फिल्टर बदलताना त्या सेन्सरचा कनेक्टर काढलेला असतो आणि लावायचा राहिलेला असतो, किंवा लावलाय पण ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबलेला नसतो. हा सेन्सर काही गाड्यांत फिल्टरच्या डब्यावर किंवा तिथून निघणाऱ्या हवेच्या पाइपवर असतो, काहींत मॅप सेन्सरच्याच पोटात असतो. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून हवेचं तापमान बघा. ठाण्यात उणे ४० अंश दिसलं तर कनेक्टर सुटलेला आहे, शोधायचं काम तेवढंच. कनेक्टरची जीभ तुटली असेल तर केबल टायने बांधून तात्पुरतं भागतं. आतल्या पिना वाकल्यात का तेही टॉर्च मारून बघा. घाईत वाकडा कनेक्टर दाबला की पीन आडवी होते.

पी ०५०७ म्हणजे आयडलिंग ठरल्यापेक्षा जास्त. त्याच्या जोडीला फुसफुस आहे, म्हणजे इंजिनात किती हवा सोडायची ते ठरवणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेला चुकवून कुठून तरी चोर हवा आत शिरतेय असं समजायला हरकत नाही. यात थोडं खोलात जातो, कारण व्हिडिओ बघून इथेच गल्लत होते. बरेचसे व्हिडिओ परदेशी गाड्यांचे असतात आणि त्यांत बहुतेकदा एमएएफ सेन्सर असतो, म्हणजे आत जाणारी हवा दारातच मोजली जाते. त्या गाड्यांत मागच्या दाराने आलेली हवा मोजमापातच येत नाही, पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि पी ०१७१ हा कोड येतो. तुमच्यासारख्या लहान मारुतीत मॅप सेन्सर असतो. तो इन्टेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. हवा कुठूनही आली तरी दाब वाढतो, तो दिसला की ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतं आणि इंजिन आपोआप जास्त फिरायला लागतं. म्हणून तुम्हाला पातळ मिश्रणाचा कोड आला नाही, नुसता आरपीएम चढला. व्हिडिओतला माणूस ‘पी ०१७१ नाही म्हणजे हवा गळत नाही’ म्हणत असेल तर त्याचं त्याच्या गाडीपुरतं बरोबर आहे.

ही हवा कुठून येते ते शोधताना प्रत्येक होज बोटाने दाबत, दोन्ही टोकं चाचपत जा. टॅपेट कव्हरवरून निघणारे होज काढल्याशिवाय कव्हर उचलता येत नाही, तेव्हा त्यांच्यापासून सुरुवात. दहा-बारा वर्षांचं रबर कडक होतं आणि काढताना बुडाशी चिरतं. वरून ते धडधाकट दिसतं, चीर खालच्या बाजूला असते. मग थ्रॉटल बॉडी. ती जागेवरच साफ केली असेल तर ठीक, पण सोडवून बाहेर काढली असेल तर तिच्यामागचं पॅकिंग नीट बसलंय का बघा. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक पूर्ण बसलीय का तेही. इतक्याने सापडलं नाही तर पाण्याच्या रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं सांध्यांवरून फिरवा. फुसफुस जिथे मोठी होते तिथे चीर. पंखा आणि पट्ट्यापासून हात, ओढणी, मोबाईलची वायर सगळं लांब ठेवा. सांध्यावर कार्ब क्लीनर फवारून बघायची युक्ती व्हिडिओत सर्रास दाखवतात, ती करू नका. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो आणि क्लीनर पेट घेतो. त्याऐवजी कपड्यांवर मारतात त्या बाटलीने साधं पाणी बारीक फवारा, कॉइल आणि कनेक्टर वाचवून. पाण्याने चीर क्षणभर बुजते आणि आरपीएम हलतो, तेवढं पुरतं.

यातला एक होज मात्र निव्वळ आरपीएमचा मामला नाही. इन्टेक मॅनिफोल्डपासून ब्रेक बूस्टरपर्यंत (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यापर्यंत) जाणारा जाड होज निघाला किंवा चिरला असेल तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. त्याची परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाचदा दाबा, मग पाय दाबूनच ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू होताच पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी पार्किंगच्या बाहेर काढायचीच नाही, बाकी सगळे कोड गेले खड्ड्यात.

चोर हवा सापडली नाही किंवा ती बुजवूनही आरपीएम थोडा चढाच राहिला, तर थ्रॉटलच्या सफाईकडे बघायचं. इतकी वर्षं झडपेच्या कडेला काजळी साचत होती आणि त्या हिशेबाने किती हवा सोडायची ते ईसीएम शिकलं होतं. तुम्ही काजळी काढलीत, फट मोठी झाली, आणि बॅटरीची वायर काढली असेल तर ते शिकलेलंही पुसलं गेलं. हा दोष नव्हे. एसी, दिवे, म्युझिक बंद ठेवून इंजिन रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत तापू द्या, अॅक्सिलरेटरला पाय न लावता काही मिनिटं आयडलिंगला ठेवा, नंतर एसी लावून पुन्हा काही मिनिटं. तापलेल्या इंजिनाचं आयडलिंग ७०० ते ८५० च्या आसपास स्थिरावलं की झालं. थोडी थरथर राहील. तीन सिलेंडरच्या इंजिनाचा तो स्वभावच आहे. रविवारपासून तुम्ही कान टवकारून बसलात म्हणून ती आता जास्त जाणवते.

आता मिसिंग. कन्व्हर्टर धोक्यात आहे तो याच्यामुळे, म्हणून इथे घाई नको. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते आणि चढाला मिसिंग मारते, यालाही कारण आहे. चढावर तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, सिलेंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल कोंबलं जातं, दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगच्या चिनीमातीला केसाएवढी चीर असेल, कॉइलच्या रबरी नळीला ऑइल लागलेलं असेल, तर तेवढं व्होल्टेज प्लगच्या टोकापर्यंत न जाता वाटेतच बाजूच्या लोखंडात पळतं. म्हणून पार्किंगमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते आणि गायमुखला उघडी पडते.

इंजिन पूर्ण थंड असताना मधली कॉइल काढा आणि प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. आत ऑइल दिसलं तर प्लग काढण्याआधी कापडाने ते टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलेंडरमध्ये उतरेल. ऑइल तिथे येतं ते प्लगच्या विहिरीभोवतीच्या रबरी रिंगांमधून. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलताना या रिंगाही बदलायच्या असतात. सुटं पॅकिंग आणलं तर त्या मिळत नाहीत, पूर्ण सेट मागावा लागतो. तुम्ही काय आणलं ते पत्रात नाही. बिल बघा. जुन्या रिंगा तशाच ठेवल्या असतील, किंवा नव्या लावताना मधली दुमडली असेल, तर पी ०३०२ चं मूळ तिथेच आहे.

विहीर कोरडी असेल तर अदलाबदलीची परीक्षा. मधली कॉइल तीन नंबरला लावा, तीनची मधे आणा. कोड पुसा, मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर चालवा, पुन्हा वाचा. पी ०३०३ आला तर मिसिंग कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे कॉइल खराब. ती एकच घ्या, तिन्ही कशाला? कोड ०३०२ वरच राहिला तर कॉइल निर्दोष, आता हाच खेळ प्लगचा करा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. उत्साहात दोन्ही एकदम हलवल्यात तर कोड सरकला तरी कोणामुळे ते कळणार नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

प्लग काढल्यावर पांढऱ्या चिनीमातीवर नख फिरवून चीर लागते का बघा. पाना तिरका धरून जोर लावला की ती जाते, आणि हातातून जमिनीवर पडलेला प्लग दिसायला ठीक असला तरी मी कधीच वापरत नाही, एक तर चीर, नाहीतर गॅप दाबलेला. बाजारात डुप्लिकेट प्लगही भरपूर आहेत. खोक्यावरची छपाई पुसट असेल किंवा तिघांपैकी एकाचा आकडा वेगळा असेल तर बदला. परत लावताना नुसती गोटी (सॉकेट) हातात धरून, रॅचेटशिवाय, प्लग तळापर्यंत फिरवा. तो बोटांच्या जोराने गेलाच पाहिजे. टेकल्यावर नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. मधला प्लग सुरुवातीपासूनच जड जात असेल किंवा चालू इंजिनात तिथून ‘फट फट’ असा वारा सुटल्याचा आवाज येत असेल, तर आटा चढला आहे, म्हणजे प्लग पेचात तिरका गेलाय. इथे थांबा. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, आणखी एक फेरा जोर लावला तर आटा कायमचा जातो. हे काम टर्नरकडे किंवा आटा पुन्हा पाडून इन्सर्ट बसवणाऱ्याकडेच द्यायचं.

आणि दुकानदाराच्या यादीचं काय? फ्युएल पंप तिन्ही सिलेंडरना मिळून एकच असतो. तो कमजोर झाला तर तिन्ही कुरकुरतील, एकट्या मधल्याला तो कसा उपाशी ठेवेल? ऑक्सिजन सेन्सर तर इथे उलट प्रामाणिक साक्षीदार आहे: मधल्या सिलेंडरमध्ये जळण होत नाही, तिथला न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो, आणि सेन्सर मुकाट्याने तेवढं सांगतो. मिसिंग थांबलं की तोही ताळ्यावर येतो. यादी फाडून टाकली तरी चालेल.

जळक्या वासाला मी एवढ्यात दोष म्हणणार नाही. आधी पाझरलेलं आणि कव्हर उचलताना सांडलेलं ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसलेलं असतं, ते तापलेल्या तव्यावरच्या तेलासारखं दोन-चार दिवस जळत राहतं. इंजिन थंड असताना कव्हरची कड आणि खालचा भाग डिग्रीजरने स्वच्छ पुसा, कोरडा करा, थोडी गाडी चालवा आणि टॉर्चने बघा. कोरडं राहिलं तर वास आपोआप जाईल. ओल दिसली तर ती बहुतेक एका ठराविक जागी असेल, टायमिंग चेनचं कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत. तिथे रबरी पॅकिंग एकटं पुरत नाही, जुनं सिलिकॉन खरवडून नव्या आरटीव्हीचा (फटी बुजवणाऱ्या सिलिकॉनच्या पेस्टचा) छोटा ठिपका द्यावा लागतो. ठिपका म्हणजे ठिपकाच. सगळ्या कडेने पेस्टसारखं फासलं तर आत आलेले गोळे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात आणि मग इंजिनच कोरडं पडतं. आरटीव्ही पक्कं व्हायला साधारण चोवीस तास द्या. ओल दिसली म्हणून बोल्ट आणखी आवळणं हा सगळ्यांचा पहिला विचार असतो आणि तो चुकीचा आहे. हे सहा मिलिमीटरचे बारीक बोल्ट आहेत, त्यांना १० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे मनगटाचाच जोर लागतो. मधून बाहेर, समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळायचे. जास्त आवळलं की पॅकिंग चेपून बाहेर येतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

एवढं करूनही मधलं सिलेंडर जागं झालं नाही तर त्याच्या इंजेक्टरचा कनेक्टर तेवढा बघा आणि मग गॅरेजला द्या, कारण पुढची पायरी कॉम्प्रेशन तपासण्याची आहे आणि त्याचं गेज तुमच्याकडे नसणार.

राहिली लाज. वागळे इस्टेटमधल्या असो की तुमच्या नाक्यावरच्या, कुठल्याही जाणत्या मिस्त्रीने बोनेट उघडलं की ताजं सिलिकॉन, चकाकणारे नवे प्लग आणि पुसलेलं कव्हर बघून त्याला सगळं कळणार आहे. तुम्ही ‘आपोआप सुरू झालं हो’ म्हणालात तर तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून चुकीच्या टोकापासून शोधायला लागेल आणि त्या तासांचे पैसे तुम्हीच द्याल. किंवा तो काहीच बोलणार नाही आणि मनात ठरवेल की या गिऱ्हाइकाला काहीही सांगितलं तरी चालतं. त्यापेक्षा एक कागद न्या: कोणत्या दिवशी काय उघडलं, कोणते पार्ट टाकले, आधी काय त्रास होता, नंतर काय सुरू झाला, कोणते कोड आले, कॉइलची अदलाबदल केल्यावर काय झालं. असा कागद गिऱ्हाइकाकडून क्वचितच मिळतो. चांगला मिस्त्री तो वाचेल, एखादा टोमणा मारेल (मारू द्या) आणि थेट कामाला लागेल. काम सुरू होण्याआधी एवढंच ठरवा की आधी फक्त दोष शोधायचा, त्याची मजुरी वेगळी, आणि कुठलाही पार्ट फोन केल्याशिवाय बदलायचा नाही. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.

बायकोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, असं त्यांना सांगा. आटा चढला असेल किंवा ब्रेकच्या परीक्षेत पेडल हललं नाही तर गॅरेजलाच द्यायचं, तेही टोचन करून. तसं काही नसेल तर लग्नाहून परत आल्यावर एक निवांत सकाळ काढा, सोबत लहान मुलाला टॉर्च धरायला बसवू नका, आणि बोल्ट काढाल तसे मुरमुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात न टाकता पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवा. कोणता कोड परत आला ते कळवा.